डोहात टाकलेले देव

१० एप्रिल १९६५, शनिवार

आज दादाच्या थोबाडीत मारली. पाठच्या बहिणीने थोरल्या भावाच्या! हात अजून झणझणतोय. वाईट वाटायला हवं. नाही वाटत.

सकाळची शाळा होती. चौथीच्या पोरांकडून सतराचा पाढा म्हणून घेत होते, तर दारात हा उभा. गावाहून उंद्रीपर्यंत उन्हातान्हात कसा आला देव जाणे. (देव जाणे! नऊ वर्षं झाली देव सोडून, जीभ काही सोडत नाही.) सदरा बाहेर लोंबतोय, एका पायात चप्पल, आणि तोंडाला तो वास. म्हणतो, “पोराहो, पंचशील म्हणा! मी सांगतो, माह्या मांगून म्हणा!” आणि म्हणाला की सगळं! एक शब्द चुकला नाही. पाचवं शील, दारू न पिण्याचं, ते तर छाती ठोकून. पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली.

हेडमास्तर आले. “सिंधूबाई, हे कोण तुमचे?”

“भाऊ,” म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

एस.टी.त त्याला खिडकीशी बसवून घरी आणलं. पुढच्या बाकावरची बाई नाकाला पदर लावून बसली होती, उतरेपर्यंत काढला नाही. अंगणात पाय ठेवला आणि दिली ठेवून. माय धावत आली, “अवं, थोरला हाये तो तुह्याहून!” थोरला आहे तर थोरल्यासारखं राहायला सांग म्हटलं!

तो गाल धरून उभा होता. चिडला नाही. म्हणाला, “मार अजून. तितका वेळ त आयकू येत नाही.”

११ एप्रिल

हाच माणूस मला सायकलच्या दांडीवर बसवून चिखलीला शाळेत पोचवत होता. पावसाळ्यात रस्ता चिखलाने भरला की सायकल एका खांद्यावर आणि दुसऱ्या हाताला मी. म्हणून तर जास्त राग येतो. परका असता तर तोंड फिरवून मोकळी झाले असते.

१४ एप्रिल, बुधवार

जयंती. वस्तीत पताका, लाऊडस्पीकर, निळी टोपी घातलेली पोरं. दादा पहाटेच आंघोळ करून, धुतलेला पायजमा घालून विहारात जाऊन बसला होता. विहार म्हणजे पत्र्याची खोली. पण ते पत्रे त्यानेच चिखलीहून बैलगाडीत आणले होते.

वस्तीतल्या वडीलधाऱ्या जानरावकाकांनी त्याला सगळ्यांसमोर उठवलं. “इंद्रभान, आज वंदना मी घेतो. तू मांगं बस.” का, ते बोलले नाहीत. बोलायची गरज काय, वास बोलत होता! हो, पिऊन आला होता. जयंतीच्या दिवशी! मला त्याचाही राग आला आणि जानरावकाकांचाही. छप्पनला हेच काका म्हणत होते, “देव टाकले तर पटकी येईन गावात.” आणि हा एकोणीस वर्षांचा पोरगा नागपूरहून दीक्षा घेऊन आला, घरोघर फिरला. लोकांनी आपापले देव नदीत सोडले. आमच्या घरचे त्याने स्वतः नेले. मायने देव्हाऱ्यातले देवांचे टाक पत्र्याच्या डब्यात भरून दिले, याने वरून तार आवळली आणि नदीच्या मोठ्या डोहात डबा फेकला. मी काठावर होते. ‘डुबुक’ असा आवाज आला होता. मला तर हसूच आलं होतं.

आज तो विहाराच्या मागे भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही कानांवर तळहात दाबून. कापसाच्या जिनात कामाला होता तेव्हाही असाच उभा राहायचा म्हणे, चालू मशीनसमोर. म्हणून तर मुकादमाने घरी पाठवला. म्हणून वहिनी रोहिणखेडला माहेरी गेली, ती आलीच नाही. बरं केलं तिने. मी तिच्या जागी असते तर आधीच गेले असते.

१५ एप्रिल

परत पिऊन आला. काही लिहायचं नाही.

१८ एप्रिल, रविवार

आज शुद्धीवर होता. म्हटलं, बस इथे, आणि सांग एकदाचं. काय ऐकू येतं तुला?

खाली बघून, लहान पोरासारखा, अंगठ्याने जमीन उकरत सांगत होता. “पहाटेले कोणीतरी बोलते. हळूच. कणगीकडून येते आवाज. माह्यं नाव घेते. म्हणते, ‘इंद्रभान बुडवायले निघाला होता, नादान होता, माफ कर त्याले.’ सिंधू, मी त बुडवले ना वं? तुह्यासमोर? मंग ‘निघाला होता’ काऊन म्हणते? बुडाले नाही का ते?”

मी म्हटलं, दादा, हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. घरात कोणी नाही. तांब्याचांदीचे पत्रे बोलत नसतात, हे तूच वस्तीला शिकवलंस.

“हाव,” म्हणाला. “मीच शिकवलं.”

“दिवसा येतो आवाज?”

“कधी कधी. पण ते दुसरे. भांडल्यासारखे. ते दारूनं जातात. पहाटेचा जात नाही.”

माय तिकडे पाट्यावर मिरच्या वाटत होती. तिचा वरवंटा अर्धाच आहे, मोडलेला. कित्येक वर्षं नवीन आणते म्हणते तर नको म्हणते. वाटता वाटता म्हणाली, “याड नाही लागलं त्याले. कोप हाये. भगताकडे न्या एकडाव.”

भगत! मी जे सुटले! नऊ वर्षं बुद्धाच्या फोटोला फुलं वाहतेस आणि भगत काढतेस? लाज नाही वाटत?  तिने मिरच्या अशा रगडल्या की दोन घरं शिंकली.

२३ एप्रिल

ओढ्यापलीकडे कडूबाची हातभट्टी आहे. सगळ्या गावाला ठाऊक, फौजदारालाही. दारूबंदी आहे म्हणे राज्यात! आज एकटी गेले. बाया जात नाहीत तिकडे. जातील कशाला, मीच पहिली.

तोंडाला येईल ते बोलले. तुझी भट्टी फोडते, तुझ्या नावाने कलेक्टरकडे जाते, माणसं मारतोस तू! कडूबा मडक्याला चिखल लिंपत होता. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाला, “बाई, मी काय त्याच्या तोंडात वततो? मी नाही म्हणलं दोन डाव. रडला अथी बसून. म्हणे, कान बंद करायचं दुसरं अवषद असंल त दे. माह्यापाशी नाही दुसरं. तुमच्यापाशी असंल त तुमी द्या.”

दगड उचलला होता मी. मारला नाही. मडकं फुटायला हवं होतं.

१ मे, शनिवार

झेंडावंदन करून आले. सुटी लागली. आता मी आहे आणि तो आहे.

चिखलीच्या डॉक्टरांना विचारून आले. म्हणाले, दारू एकदम बंद केली तर त्रास होईल, लक्ष ठेवावं लागेल. पण मूळ दुखणं दारूचं नाही, मनाचं आहे. नागपूरला न्या, तिथे मोठं इस्पितळ आहे. मायने ऐकलं आणि डोक्याला हात लावला. “याड्याईच्या दवाखान्यात? तिथी गेलेला माणूस कोणी वापस आलेला पाह्यला काय?”

बरं! मग घरीच करू. दिवसभर मी त्याच्या मागे, आणि दिवेलागणीला त्याला आतल्या खोलीत घालून बाहेरून कुलूप. किल्ली माझ्या कमरेला. मी अंगणात खाटेवर, दारासमोर. माय म्हणाली, “मंग मी झोपतो त्याच्याजवळ आत. एकटा नको ठेवू त्याले.” झोप म्हटलं.

तो म्हणाला, “सिंधे, मले बाहीर झोपू दे. कणगीजवळ नको. बांधून ठेव पाहिजे त, पण बाहीर.”

बाहेर झोपवला की चालला कडूबाकडे! मी काय कालची आहे? लावलं कुलूप.

४ मे

थरथरतो. उलट्या. अंगावर मुंग्या चढतात म्हणून कातडी ओरबाडून काढली. चिखलीहून आणलेल्या गोळ्या देते. मला भीती वाटते, आणि भीती वाटली की मी ओरडते. आज त्याच्यावर ओरडले, मायवर ओरडले, शेजारणीच्या कोंबड्यांवरसुद्धा ओरडले.

९ मे

मुंग्या गेल्या. दोन भाकरी खाल्ल्या. दाढी केली! आरशात बघून म्हणाला, “बाप्पा, कोण हाये हा?” आम्ही दोघं हसलो. किती दिवसांनी हसलो! मला वाटलं जिंकले मी.

मग संध्याकाळी कुलूप घ्यायला उठले तर पाय धरले त्याने. माझे! “आता रोज येते आवाज. पहिले दारूच्या झोपीत कधी कधी आयकू नाही ये, आता टक्क जागा असतो. बंद खोलीत, अंधारात, बाजूले. मी गोधडीत तोंड खुपसून पडतो. मायले इचार. माय असते ना आत!”

विचारलं मायला, त्याच्यासमोरच. ती चुलीत काटक्या सारत होती. “नाही बाप्पा,” म्हणाली. “मले त काहीच नाही आयकू येत.”

बघ, म्हटलं! तो तिच्याकडे बघत राहिला. मग उठला आणि आपणहून आत जाऊन बसला. कुलूप लावताना माझे डोळे भरून आले, आणि त्याचाही राग आला मला.

१२ मे, बुधवार

नदी आटली आहे. मोठा डोहसुद्धा तळाला गेलाय, म्हशी बसतील एवढंच पाणी. माझ्या मनात आलं, त्याला ते देव दाखवावेत. गंजलेले, चिखलात रुतलेले. हातात घे, वाजवून बघ म्हणावं. बोलतात का?

गेलो दोघं. तासभर गाळ उपसला काठीने. आणि डबा सापडला! गंजाने पत्रा खाऊन चाळण झालेला, पण तार तशीच आवळलेली. तार मीच तोडली.

आत वाळू, गोटे, आणि मोडक्या वरवंट्याचा एक तुकडा. बस्. देव नाहीत. एकही टाक नाही.

मी म्हटलं, छिद्रातून वाहून गेले असतील. नाहीतर कोणी चांदीच्या लोभाने काढून दगड भरले असतील. पण मला स्वतःलाच पटेना, आणि तो तर हसत सुटला. चिखलात बसून, मांड्यांवर हात मारून. “पाह्य! मी काय म्हणत होतो? बुडालेच नाही! घरीच हायेत ते! घरीच हायेत!”

डबा भिरकावून दिला मी. त्याला दंडाला धरून ओढत आणलं. रस्त्याने माणसं बघत होती. बघू देत! बरा होत आलेला माणूस माझ्याच हुशारीने परत गेला. मोठी मास्तरीण!

१५ मे, शनिवार

बुद्धपौर्णिमा. काय झालं ते नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी वंदनेला तो आला. प्यायलेला नव्हता. जानरावकाकांनी वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाले, “घे बा, इंद्रभान, तूच घे आज.” मी सुखावले. पहिलं शील, दुसरं, तिसरं, खणखणीत. चौथ्याला थांबला. खोटं न बोलण्याचं ते. लोक वाट बघत राहिले. मग म्हणाला, “मी फसवलं तुमाले. तुमचे देव बुडाले. माह्या घरचे नाही बुडाले.” आणि निघून गेला. कोणाला काही कळलं नाही. काका माझ्याकडे बघत राहिले.

मी घरी पोचले तोवर त्याने रॉकेलचा डबा कणगीवर उपडा केला होता! हातात काडेपेटी. “यातच बसले हायेत ते. जाळून टाकतो. एकडाव जळले की मी सुटलो!” आणि माय कणगीला मिठी मारून उभी. लुगडं रॉकेलने भिजलेलं. किंचाळत होती, “पहिले मले जाळ! मंग कणगीले हात लाव!”

चार पायल्या ज्वारीसाठी जीव द्यायला निघाली ही बाई! मी पेटी हिसकावली. माझ्या मागून पुरुष मंडळी आली, त्यांनी त्याला खाली पाडला आणि अंगणातल्या निंबाला दोरखंडाने बांधला. माझ्या भावाला. बैलासारखा. मी बघत उभी होते. दोरखंड आमच्याच घरातला होता, मीच दिला.

१६ मे

मला वाटलं होतं माय आता आडवी पडेल. नाही पडली. बांधलेल्या दादाला तिने हाताने दूध-भाकर चारली, तोंड पुसलं, आणि मला म्हणाली, “ने त्याले नागपूरले. तिथी तरी त्याले आवाज येणार नाही.”

हेच पंधरा दिवसांपूर्वी म्हणाली असतीस तर!

१९ मे, बुधवार, नागपूर

खामगाववरून शेगावपर्यंत एस.टी., मग तिथून रेल्वे. जानरावकाका सोबत आले. वाटेत त्यांनी दादाच्या हाताची दोरी स्वतःच सोडली, म्हणाले, “पळाला त मी धावतो मांगं.” साठीचा माणूस! पळाला नाही तो. खिडकीतून बघत बसला होता.

डॉक्टर चांगले वाटले. घाई नव्हती त्यांना. दादाला सगळं विचारलं. तो सांगत गेला: दिवसाचे आवाज, भांडणारे, आणि पहाटेचा, कणगीकडचा. डॉक्टर माझ्याकडे वळले. “घरात पहाटे कोणी उठतं का? बोलतं का?”

मी म्हटलं, नाही. आई त्याच्याजवळच झोपते, तिला विचारून झालंय. मी स्वतः दारासमोर असते. घरात कोणी बोलत नाही.

त्यांनी तसं लिहून घेतलं. मी सही केली.

आत नेताना दादा थांबला. शांत होता, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाला, “सिंधे, सगळ्याईनं आयकून घेतलं माह्यं, कोणी आयकलं नाही. तू एक कर. एक दिवस माह्या जागेवर झोपून पाह्य.”

मी हो म्हटलं. लहान मुलाला म्हणतात तसं.

२२ मे

परत आले. कडूबा एस.टी.च्या थांब्यावर उभा. “इंद्रभान कसा हाये?” म्हणतो! तुला काय करायचंय? मी घराकडे चालू लागले. तो पिशवी घेऊन घरापर्यंत मागे आला, ओट्यावर ठेवून गेला. चांगुलपणा दाखवतो मेला! भट्टी विझव म्हणावं आधी.

२३ मे

घर ओकंबोकं. कुलूप खुंटीला लटकतंय. माय जेवली नाही, मीही नाही. दिवसभर ढग दाटून आले, वावटळीने अंगणातली खाट उलथून पाडली. आज आत झोपते. दादाला हो म्हटलं होतं, ते तरी पाळते. त्याच्याच गोधडीवर, कणगीशेजारी. अजून रॉकेलचा वास येतो.

२४ मे, सोमवार

ऐकलं मी.

पहाटे, कोंबडं आरवायच्या आधी. कणगीमागून. इतकं हळू की श्वासच वाटावा. “माय मरीमाय, इंद्रभान तुले बुडवायले निघाला होता. नादान होता. माफ कर त्याले.”

कोपरावर उठून कणगीमागे डोकावले, तर माय होती. ज्वारीतून देव बाहेर काढून, पुढ्यात मांडून, पदर पसरून बसली होती. छप्पनला तिने दादाच्या डब्यात गोटे भरले होते, आणि आपला अर्धा वरवंटा. देव कधी घराबाहेर गेलेच नव्हते.

मी उठणार होते. ओरडणार होते, सगळं घर डोक्यावर घेणार होते. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, “त्याले तुहा आवाज आयकू येते म्हणते, माय. मले त येत नाही. माह्याशी बोल, मले खा, पण त्याच्या कानाशी बोलू नको आता.”

तिला कळलेलंच नाही.

पहिल्या एस.टी.ने नागपूरला निघाले आहे. डॉक्टरांना सांगता येईल. दादालाही सांगता येईल. मायला काय सांगू?